मत द्यावे, मन मोडू नये

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. वर्धापनदिनाला मी आजवर वाटली डाळ आणि पन्हे यांच्याच बाजूला असते. पण यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "निवडणुका आणि आपण, या विषयावर तुम्हीच बोलायचं." मी म्हटले, "मला राजकारणातले काय कळते?" त्यावर त्या हसून म्हणाल्या, "राजकारणातले नको, भांडणातले सांगा. ते तुम्हांला चांगले ठाऊक आहे." हे त्या थट्टेने म्हणाल्या, पण खरेच म्हणाल्या. म्हणून आज उभी आहे.

२०२४ साली आपल्याकडे दोन मोठी मतदाने झाली. १३ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे. त्या वर्षी मंडळाच्या भजनाला कोण कोण येईनासे झाले, भिशीचे दोन तुकडे कसे झाले, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. नावे घ्यायचे कारण नाही. मी फक्त माझ्याच घरचे सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

आमच्या थोरल्या जाऊबाई लाइन आळीतच राहतात. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात बारा वर्षे नांदलो, मग घरे वेगळी झाली, पण लोणच्याची बरणी एकच राहिली. आता आपला पनवेल तालुका लोकसभेला मावळ मतदारसंघात येतो. २०२४ ला तिथे धनुष्यबाण आणि मशाल अशी लढत होती. म्हणजे दोन्हीकडे शिवसेनाच. २०२२ च्या जूनमध्ये एका पक्षाचे दोन झाले, २०२३ च्या जुलैमध्ये दुसऱ्या एका पक्षाचे दोन झाले, आणि काल एका झेंड्याखाली चालणारी माणसे आज समोरासमोर उभी राहिली. घराघरांतही तेच. परक्याशी भांडण झाले तर माणूस विसरतो. आपल्याशी झालेले विसरत नाही.

१ जूनला शेवटच्या टप्प्याचे मतदान संपले आणि त्याच संध्याकाळी दूरदर्शन संचावर एक्झिट पोलचे आकडे सुरू झाले. कायद्यानेच मतदान पूर्ण संपून अर्धा तास होईपर्यंत ते दाखवता येत नाहीत, म्हणून सगळे एकदमच धबधब्यासारखे कोसळले. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, काहींनी तर चारशेला हात लावला. घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी पेढ्यांची चित्रे टाकली, कोणी रडकी तोंडे. आम्हा दोघी जावांपैकी त्या दिवशी एक आनंदली आणि एक हिरमुसली. ४ जूनला प्रत्यक्ष मते मोजली, तेव्हा आघाडी २९३ वर थांबली, आणि महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा विरुद्ध बाजूला गेल्या. आता हिरमुसलेली आनंदली आणि आनंदलेली हिरमुसली. यांतली मी कोणती, हे सांगणार नाही. सांगितले तर तुमच्यापैकी निम्म्या माझ्या बाजूला सरकतील आणि निम्म्या उठून जातील, आणि मला दोन्ही नको आहेत.

त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी शब्दाला शब्द वाढला. आणि मी जाऊबाईंना बोलून गेले, "तुम्हांला त्यातलं काय कळतंय? भाऊजी सांगतील ते बटण दाबणाऱ्या तुम्ही!"

त्या काही बोलल्या नाहीत. कपबशी तशीच ठेवली, पदर सावरला आणि निघून गेल्या. पुढे पंधरा-सतरा दिवसांनी वटपौर्णिमा आली. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी आम्ही जोडीने वडाला जात असू. त्या वर्षी त्या एका वडाला गेल्या, मी दुसऱ्या. सूत गुंडाळताना माझा हात चालेना. पण वाकायचे कोणी? मानही आपलीच, आणि ताठाही आपलाच.

मैत्रिणींनो, मी त्यांना जे बोलले ते नुसते टोचणारे नव्हते, ते फार जुने आहे. आमच्या सासूबाई पहिल्या निवडणुकीची हकीकत सांगत. १९५१-५२ साली आजच्यासारखे यंत्र नव्हते, शिक्काही नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले. काँग्रेसची तेव्हा बैलजोडी. ज्याच्या पेटीत चिठ्ठी टाकली त्याला मत. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तेवढे कळत होते. पण त्याच निवडणुकीच्या आधी मतदार याद्या करताना एक अडचण आली. देशाच्या उत्तर भागांत अनेक बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम सांगितले, की ज्या बाईला नाव नाही तिचे मत यादीत धरता येणार नाही. नावे सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली, तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावे शेवटी गळली. अठ्ठावीस लाख! नवऱ्याच्या नावाआड राहिल्यामुळे त्यांचे मत बुडाले. आणि मी, शिकलेली बाई, २०२४ साली माझ्या जावेला पुन्हा "अमक्याची बायको" करून बसले होते.

पनवेलला निवडणुकीचे भांडण नवीन नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला होता. तेव्हा आपला हा कुलाबा जिल्हा, रायगड नाव १९८१ साली झाले. त्या वर्षी समितीच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर गेले. घरोघर दोन तट होते. सासूबाई म्हणत, की आमच्याच घरात दोघे भाऊ एका पंगतीला बसत, पण एक डावीकडे तोंड करी आणि एक उजवीकडे. मात्र १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा दोघांनी एकाच ताटलीतली साखर खाल्ली. त्या भांडणाला निदान मुंबईसह महाराष्ट्र हे फळ होते. आमच्या भांडणाला फळ कसले, तर एक बरणी लोणचे दोन ठिकाणी घालावे लागले.

आता दुसरी हकीकत. ऑक्टोबरमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मला अमेरिकेस जावे लागले. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ ती राहते. निघायच्या आदल्या दिवशी पुतण्या एक डबा घेऊन आला. डिंकाचे लाडू. "आईनं दिलेत, बाळंतिणीसाठी," एवढेच म्हणाला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तो डबा मी पेटीत साड्यांच्या मधोमध ठेवला.

आणि तिथे जाऊन पाहते तो काय, तिथेही निवडणूक! ५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाचे मतदान होते. एका बाजूला ट्रम्प आणि एका बाजूला कमला हॅरिस, जिची आई आपल्या तमिळनाडूची. तिकडची रीत अशी, की लोक घरापुढच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. मुलीच्या गल्लीत एका घरापुढे एक नाव, तर कुंपणापलीकडे दुसरे. सकाळी मात्र दोन्ही घरांतली माणसे एकमेकांना हात करीत आणि एकमेकांच्या अंगणातली पानेही लोटून देत. असे सगळीकडे नव्हते, हेही सांगते. पुढच्या रस्त्यावर कोणीतरी रात्रीतून पाट्या उपटून नेल्या होत्या. माणसे इथूनतिथून सारखीच.

तिकडचा हिशोबही निराळा. देशात ज्याला जास्त मते तो निवडून आला, असे नव्हे. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधीमते असतात, ती सगळी मिळून ५३८, आणि २७० ज्याच्याकडे तो राष्ट्राध्यक्ष. बहुतेक राज्यांत पहिल्या आलेल्यालाच राज्याची सगळी मते मिळतात. म्हणून २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही त्या हरल्या. त्या वर्षी मिशिगनमध्ये फरक होता अवघा १०,७०४ मतांचा. आपल्या पनवेलच्या दोन-चार प्रभागांत मावतील एवढी माणसे. म्हणून २०२४ लाही सगळ्यांचे डोळे मिशिगनवर. रोज एक नवा कौल येई, आज हा एका टक्क्याने पुढे, उद्या तो. जावईबापू सकाळी चहाआधी तो आकडा पाहत, जसे आमचे हे पूर्वी मुंबईचा बाजारभाव पाहत.

मतदानाच्या चार-पाच दिवस आधी दिवाळी आली. ओळखीची मराठी मंडळी फराळाला जमली. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, आणि मग विषय निघाला श्री ठाणेदारांचा. हे गृहस्थ बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे, १९७९ साली तिकडे शिकायला गेलेले. धंद्यात चढले, पडले, पुन्हा उभे राहिले. २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, पदरचे पुष्कळ डॉलर घालून जाहिराती केल्या, आणि सुरुवातीच्या काही कौलांत ते पुढेही दिसले. प्रत्यक्ष मतदानात तिसरे आले. पण हटले नाहीत. २०२२ साली डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या लोकसभेवर निवडून गेले, आणि २०२४ लाही पुन्हा उभे होते; निवडूनही आले. तर फराळाच्या ताटावर एक म्हणे, "बेळगावचा माणूस तिथवर पोहोचला, पक्ष कसला पाहता?" दुसरा म्हणे, "मत कामाला द्यायचं की गावाला?" तिथून गाडी ट्रम्प आणि हॅरिस यांच्यावर गेली. जावईबापू आणि त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र, दोघांचे आवाज चढले. मित्र चिवड्याची वाटी तशीच टाकून, मुलांना मोटारीत घालून निघून गेला. गंमत अशी, की त्यांच्यापैकी कोणाचेही घर ठाणेदारांच्या मतदारसंघात नव्हते.

मला ती टाकलेली वाटी पाहून आमच्या ओट्यावरची कपबशी आठवली.

त्याआधी दोनच दिवस घरात दुसरे एक दृश्य पाहिले होते, ते सांगायलाच हवे. मुलगी बाळंतीण, तेव्हा तिने टपालाने मत देण्याचा कागद घरी मागवला होता, जावयांनीही. रात्री बाळ निजल्यावर जेवणाच्या टेबलावर दोघे समोरासमोर बसले. परीक्षेतली मुले झाकतात तसा कागदावर हात आडवा धरून दोघांनी आपापल्या खुणा केल्या, पाकिटे बंद केली, सह्या केल्या. मला राहवेना. स्वयंपाकघरात ती एकटी असताना विचारले, "काय गं, कोणाला दिलंस?" तशी ती म्हणाली, "आई, हे विचारायचं नसतं. त्यानंही मला विचारलं नाही." मी गप्प झाले. पोटच्या मुलीने पाठ केलेला धडा, आणि मला चार महिने कळला नव्हता.

५ नोव्हेंबरला ट्रम्प निवडून आले. मिशिगनही त्यांनी सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. जावईबापू हरले की जिंकले ते सांगत नाही. पण दोन दिवसांनी त्यांनीच मित्राला फोन केला आणि म्हणाले, "चिवडा उरलाय, येतोस का?" तो आला. कोणीच कोणाची माफी मागितली नाही. चिवडा मात्र संपला.

तिकडे असल्यामुळे २० नोव्हेंबरचे आपले मतदान माझे हुकले. त्या दिवशी माझ्या फोनवर पनवेलहून एक चित्र आले. डाव्या हाताची तर्जनी, नखावर ताजी शाई. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते. लाखो बायकांच्या बोटांना लागते. पण ते बोट मी कुठेही ओळखले असते. मोदक वळताना भाजल्याची खूण त्यावर आहे. खाली एकच ओळ होती : "तुझ्या नावापुढची जागा रिकामी राहिली. वाईट वाटलं."

मी तेव्हाच फोन लावला. आधी दोघी रडलो, ते सोडून देऊ. मग त्या म्हणाल्या, "एक सांगू? लग्न झाल्यापासून मी कोणाला मत दिलं, ते मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतं, मी त्यांच्याच बाजूची. तुला वाटलं, मी ह्यांच्या बाजूची. आता मी कोणाची, ते त्या यंत्राला ठाऊक आणि मला." आणि हसल्या. भगिनींनो, ज्या बाईला मी परक्या मताची म्हणून हिणवले, ती आमच्या सगळ्या घरात एकटी अशी निघाली, जिने आपले मत खऱ्या अर्थाने स्वतःचे ठेवले होते. आम्ही इतर सगळे आपले मत गल्लीभर ओरडत होतो.

आणि त्या विधानसभेचा निकाल? जूनमध्ये ज्यांचे पारडे खाली गेले होते, त्यांनी पाच महिन्यांत २८८ पैकी २३० वर जागा जिंकल्या. जूनला पेढे वाटणारे नोव्हेंबरला गप्प, नोव्हेंबरला वाटणारे जूनला गप्प होते. पनवेलमध्येच पाहा, २००९ साली जे आमदार काँग्रेसतर्फे निवडून आले, तेच २०१४ पासून भाजपतर्फे निवडून आले. त्यात बरेवाईट काही म्हणत नाही. पुढाऱ्यांना पक्ष बदलण्याचा हक्क आहे. पण त्यांच्यासाठी २००९ ला धरलेला अबोला आपण अजून चालवायचा, हा कोणता न्याय?

आता त्या कौलांविषयी दोन शब्द, कारण आपली निम्मी भांडणे त्यांच्यापायी होतात. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण सुगरण आधी भात खालवर करते आणि मग शीत चेपते. नुसते वरचे शीत पाहिले तर तळाचा भात कच्चा की करपलेला, ते कळत नाही. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रे पाठवली आणि वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यावरून त्यांनी छापले, रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले! कारण पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात ज्यांच्या घरी टेलिफोन, ते म्हणजे वरचे शीत. शिवाय ज्यांनी आपणहून उत्तरे पाठवली तेवढीच मोजली. जे गप्प राहिले ते वगळले. त्याच वर्षी गॅलप नावाच्या गृहस्थाने कितीतरी कमी माणसांना, पण खालवर ढवळून विचारले आणि त्याचा अंदाज बरोबर आला. म्हणजे कौल खोटाच असतो असे नाही. आकडा मोठा की लहान हे पाहू नये, भात ढवळला होता का ते पाहावे. आणि आपल्याकडे तर जाऊबाईंसारख्या लाखो बायका, विचारणाऱ्याला "बघू" एवढेच सांगतात. त्यांच्यामुळे मोठमोठे पंडित चुकतात, याचा मला आता थोडा अभिमानच वाटतो.

शेवटी मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. त्या उपदेश म्हणून घेऊ नका. ठेच लागलेल्या बाईचे बोल म्हणून घ्या.

पहिली, "कोणाला दिलंस?" हा प्रश्न मंडळाच्या उंबऱ्याच्या आत विचारू नये. कायद्याने मत गुप्त ठेवले आहे ते आपल्यासारख्यांसाठीच, नवरा, सासरा, मालक, पुढारी, कोणाचाही डोळा त्यावर पडू नये म्हणून.

दुसरी, रस्ता, पाणी, कचरा, दवाखाना यांवर खुशाल भांडावे. आपल्या नगरपालिकेची स्थापना १८५२ सालची, २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि २०१७ मध्ये पहिल्या महापौर म्हणून एक बाईच निवडल्या गेल्या. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा भांडायला विषय पुष्कळ आहेत. फक्त कामावर भांडावे, माणसाच्या अकलेवर नव्हे. मी चुकले ती तिथे.

तिसरी, फोनवर आलेला आकडा पुढे ढकलण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी तो शिळा झाला असेल तर समजावे, की तो ताजा असतानाही पोटाला नव्हता.

चौथी, आणि खरी कामाची. प्रत्येक निवडणुकीआधी मंडळाने आपापल्या गल्लीतल्या बायकांची नावे मतदार यादीत पाहावी. लग्न होऊन आलेली सून, घर बदललेली शेजारीण, अठराची झालेली मुलगी, यांची नावे हटकून राहतात. नव्या नावासाठी सहा नंबरचा आणि पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून द्यायला फार वेळ लागत नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्या आजीबाईंना घरी बसून मत देण्याची सोय २०२४ च्या लोकसभेला होती. किती जणींना ती ठाऊक होती? अठ्ठावीस लाखांतली एकही आपल्या गल्लीत उरू नये, एवढे केले तरी मंडळाचे वर्ष सार्थकी लागले म्हणेन. आणि ती कोणाला मत देईल, हे न विचारता करावे. यात सगळी परीक्षा आहे.

जानेवारीत मी परत आले ती संक्रांतीच्या तोंडावरच. तिळगुळाची वाटी घेऊन आधी जाऊबाईंकडे गेले. त्या वर्षीचे लोणचे दोन बरण्यांत होते. आम्ही ते एका बरणीत केले. चव थोडी निराळी होती, एकीने मोहरी जास्त घातली होती आणि एकीने मीठ. पण मिसळल्यावर बरे लागले.

त्या तिथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आत्ता कदाचित माझ्यावर रागावल्याही असतील, घरचे चव्हाट्यावर आणले म्हणून. पण त्यांनीच मला परवा सांगितले, "बोलायचंच असेल तर खरं बोल." तसे बोलले. काही उणेअधिक झाले असेल तर पोटात घाला, आणि पन्हे घेतल्याशिवाय जाऊ नका.